एकाच तारकागुच्छातील दोन गट: ताऱ्यांचे रंग मोजून काय कळते

जूनच्या आरंभी मध्यरात्रीच्या सुमारास इंदूरहून दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिक राशीतील तांबूस ज्येष्ठा क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर दिसतो. त्याच्या पश्चिमेस सव्वा अंशावर एक धूसर, फिकट ठिपका आहे. त्याचे नाव एम ४. साध्या द्विनेत्रीतून तो कापसाच्या पुंजक्याएवढा दिसतो, आणि सहा-आठ इंची दुर्बिणीतून त्यातले काही तारे सुटे होऊ लागतात. सुमारे ६००० प्रकाशवर्षांवर असलेला हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याला सर्वांत जवळच्या अशा गुच्छांपैकी एक आहे. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गोलाकार गुच्छ ठाऊक आहेत. त्यांतल्या प्रत्येकात हजारोंपासून लाखोंपर्यंत तारे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना बांधलेले असतात आणि त्यांचे वय बहुधा ११०० ते १३०० कोटी वर्षांच्या दरम्यान निघते, म्हणजे सूर्याच्या दुपटीहूनही जास्त.

खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या गुच्छांविषयी एक वाक्य कित्येक दशके जवळजवळ न बदलता छापले जात होते: गुच्छातील सर्व तारे एकाच वायुमेघातून, एकाच वेळी आणि एकाच रासायनिक घडणीचे जन्मले. हे वाक्य फार उपयोगी होते, कारण वय आणि घडण सारखी धरली की ताऱ्याताऱ्यांतला उरलेला फरक केवळ वस्तुमानाचा राहतो, आणि ताऱ्याचे आयुष्य वस्तुमानानुसार कसे बदलते, हे एकाच छायाचित्रात तपासता येते. आज आपण निश्चितपणे सांगू शकतो की हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. ते खोटे ठरवण्यात वर्णपटांचा, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या फोडीचा, वाटा मोठा आहे, परंतु फरक किती व्यापक आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक जुन्या गुच्छात आहे, हे दाखवून दिले ते अनेक रंगांतील प्रकाशमापनाने. ते कसे, हे नीट समजून घ्यावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. कारण या सगळ्या शोधाचे मर्म एका साध्या निवडीत आहे, आणि ती म्हणजे ताऱ्याकडे कोणत्या फिल्टरमधून पाहायचे.

इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला आकाशनिरीक्षणाला आमच्याबरोबर येणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांपैकी कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावल्यावर हमखास विचारते, "काका, यात रंग कुठे आहेत? सगळं राखाडीच दिसतंय की." प्रश्न रास्त आहे. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील दंडाकार पेशीच काम करतात आणि त्यांना रंगांतला भेद कळत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ रंग डोळ्याने ठरवत नाहीत, तो मोजतात. दुर्बिणीच्या मागे सीसीडी संवेदक असतो आणि त्याच्यापुढे ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश आत सोडणारा काचेचा फिल्टर बसवलेला असतो. हॅरल्ड जॉन्सन आणि विल्यम मॉर्गन यांनी १९५३ साली मांडलेल्या यू-बी-व्ही पद्धतीत यू फिल्टर अतिनील टोकाजवळचा, म्हणजे सुमारे ३६५ नॅनोमीटरभोवतीचा, बी हा सुमारे ४४५ नॅनोमीटरभोवतीचा निळा आणि व्ही हा सुमारे ५५० नॅनोमीटरभोवतीचा हिरवट-पिवळा प्रकाश घेतो. पुढे त्यांत तांबड्या टोकाकडचे आर आणि आय हे पट्टे जोडले गेले. एकाच ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, बी आणि व्ही अशा दोन फिल्टरमधून मोजून पहिलीतून दुसरी वजा केली की जो आकडा मिळतो, त्यालाच रंगांक म्हणतात. प्रतीचे माप उलटे असते, म्हणजे आकडा जितका लहान तितका तारा अधिक तेजस्वी. त्यामुळे निळ्यात अधिक तेजस्वी असलेल्या तप्त ताऱ्याचा रंगांक लहान किंवा ऋण निघतो आणि थंड ताऱ्याचा मोठा. चित्रा ताऱ्याचा बी-व्ही रंगांक सुमारे -०.२, सूर्याचा सुमारे ०.६५ आणि ज्येष्ठाचा सुमारे १.८ आहे. तापमानाचा हा इतका साधा मापक आहे.

गुच्छातील प्रत्येक ताऱ्यासाठी आडव्या अक्षावर रंगांक आणि उभ्या अक्षावर प्रत मांडली की जो आलेख मिळतो, तो रंग-प्रत आलेख. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ताऱ्यांचा अभ्यास बहुतांशी याच आलेखाभोवती फिरत आला आहे. त्यात खालून वर जाणारी एक तिरपी रेषा दिसते, तो मुख्य अनुक्रम. त्यावरचे तारे गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करीत असतात. अधिक वस्तुमानाचे तारे आपले इंधन लवकर संपवतात, म्हणून जुन्या गुच्छात ही रेषा वरपर्यंत पोहोचत नाही. एका ठिकाणी ती उजवीकडे वळते आणि थंड पण फुगलेल्या लाल राक्षसी ताऱ्यांच्या शाखेत शिरते. वळणाचे हे ठिकाण गुच्छाचे घड्याळ असते. गोलाकार गुच्छांत ते सूर्याच्या सुमारे ०.८ पट वस्तुमानाच्या ताऱ्यांपाशी येते. राक्षसी शाखेच्या टोकाला पोहोचून गाभ्यात हेलियम पेटलेले तारे नंतर आलेखात जवळपास आडव्या ओळीत बसतात, त्या ओळीला क्षैतिज शाखा म्हणतात. अॅलन सँडेज आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी एम ९२ आणि एम ३ यांचे असे आलेख वळणबिंदूच्याही खालपर्यंत नेले, तेव्हा गुच्छांच्या वयाचा हिशेब करण्याची वाट मोकळी झाली.

हे मोजमाप प्रत्यक्षात करताना कस लागतो तो गर्दीत. गुच्छाच्या मध्यभागी ताऱ्यांच्या प्रतिमा एकमेकांवर चढलेल्या असतात. वातावरणाच्या चंचलतेमुळे जमिनीवरील दुर्बिणीत प्रत्येक तारा एक-दोन कोनीय सेकंदांएवढा पसरट डाग बनतो आणि शेजाऱ्याचा प्रकाश त्यात मिसळतो. यावर उपाय म्हणून छायाचित्रातील सुट्या, ठळक ताऱ्यांवरून डागाचा नेमका आकार ठरवतात आणि मग तोच आकार गर्दीतल्या प्रत्येक ताऱ्यावर एकाच वेळी बसवून कोणाचा प्रकाश किती, हे संगणकाकडून सोडवून घेतात. पीटर स्टेटसन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली डाओफॉट ही संगणकप्रणाली याच कामासाठी आहे आणि तिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत. ०.०१ प्रतीचा फरक म्हणजे तेजातला जवळपास एक टक्क्याचा फरक. गुच्छातील गट वेगळे ओळखायचे तर मापनाची अचूकता साधारण या पातळीवर आणावी लागते.

वातावरण फक्त प्रतिमा पसरवत नाही, ते प्रकाश खातेही, आणि निळ्या-अतिनील टोकाला अधिक खाते. याचे उदाहरण इंदूरकरांना घरबसल्या कळण्यासारखे आहे. आकाशगंगेतला सर्वांत भव्य गोलाकार गुच्छ म्हणजे ओमेगा सेंटॉरी. मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास तो इंदूरच्या दक्षिण क्षितिजावर सर्वाधिक उंच येतो, पण ती उंचीही जेमतेम २० अंश. त्या उंचीवरून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळपास तिप्पट जाडीच्या हवेतून येतो. चांगल्या, कोरड्या जागीही व्ही पट्ट्यात साधारण ०.२ आणि यू पट्ट्यात साधारण ०.५५ प्रत एवढी घट डोक्यावरच्या हवेएवढ्या दर एका थरामागे होते असे धरले, तर ओमेगा सेंटॉरीचा पिवळा प्रकाश निम्म्याहून थोडा अधिक टिकतो, परंतु अतिनील प्रकाशाचा चौथा हिस्साही शिल्लक राहत नाही. निमाडाकडून येणारी उन्हाळी धूळ त्यात मिळवली की यू फिल्टरमध्ये हाती फार थोडे लागते. जानापाव किंवा मांडवच्या कड्यावरून क्षितिज मोकळे मिळते आणि गुच्छ डोळ्यांना सुखावतो. अतिनील मोजमापासाठी मात्र ती जागा पुरत नाही. ४७ तुकानी हा दुसरा प्रसिद्ध गुच्छ तर आपल्या अक्षांशावरून कधी उगवतच नाही.

एकाच जन्माच्या कल्पनेला तडे १९७० च्या दशकापासूनच जाऊ लागले होते. गुच्छातील काही राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात सायनोजेन या रेणूचे पट्टे ठळक आढळत, तर तितक्याच तेजाच्या आणि तापमानाच्या त्यांच्या शेजाऱ्यांत ते फिके असत. पुढे एक नियमित नाते दिसून आले: ज्या ताऱ्यात सोडियम अधिक, त्यात ऑक्सिजन कमी, ज्यात नायट्रोजन अधिक, त्यात कार्बन कमी. लोहाचे प्रमाण मात्र बहुतेक गुच्छांत सर्व ताऱ्यांत जवळपास समानच असे. क्षैतिज शाखेचेही एक जुने कोडे होते. एम ३ आणि एम १३ या दोन गुच्छांत धातूंचे (खगोलशास्त्रात हेलियमहून जड सर्वच मूलद्रव्यांना धातू म्हणतात) प्रमाण जवळपास सारखे असूनही एम १३ ची क्षैतिज शाखा कितीतरी निळी आहे. म्हणजे धातूंच्या जोडीला आणखी काहीतरी तिचा आकार ठरवत होते. या सगळ्या गोष्टी नोंदल्या गेल्या, त्यांवर वाद झाले, परंतु त्यांचे स्पष्टीकरण बहुधा 'म्हातारपणी ताऱ्याच्या पोटातली द्रव्ये ढवळून वर येत असावीत' असे दिले जाई. वर्णपट घ्यायला तेजस्वी तारे लागतात आणि तेजस्वी तारे म्हणजे म्हातारे तारे, त्यामुळे ही पळवाट बराच काळ खुली राहिली.

ती बंद झाली ती मुख्य अनुक्रमाजवळच्या, अजून न फुगलेल्या ताऱ्यांमुळे. २००१ साली एनजीसी ६७५२ या गुच्छातील वळणबिंदूपाशी असलेल्या ताऱ्यांतही सोडियम-ऑक्सिजनचे तेच उलटे नाते दाखवले गेले. सोडियम वाढवणाऱ्या अणुप्रक्रियांना दोन कोटी अंशांहून बरेच अधिक तापमान लागते, आणि ०.८ सौरवस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा आयुष्याच्या त्या टप्प्यात दोन कोटी अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे त्या ताऱ्याने हे सोडियम स्वतः केलेले नाही; तो ज्या वायूतून जन्मला, त्यातच ते होते. मला वाटते, या सबंध प्रकरणातला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, कारण तो कोणत्याही नाजूक गणिती प्रतिकृतीवर टेकलेला नाही.

यानंतर छायाचित्रांनी आघाडी घेतली. हबल दुर्बिणीला वातावरणाची अडचण नाही आणि तिच्या प्रतिमेतला तारा कोनीय सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक असतो. २००४ साली तिच्या छायाचित्रांवरून ओमेगा सेंटॉरीचा मुख्य अनुक्रम एक नसून दोन स्वतंत्र रेषांचा आहे, हे निर्विवाद दिसले. एक रेषा निळसर, दुसरी तांबूस. त्यानंतरच्या वर्षी जी गोष्ट कळली, ती खरोखर चक्रावून टाकणारी होती: निळ्या रेषेवरचे तारे धातूंनी अधिक समृद्ध निघाले. नेहमीच्या हिशेबाने हे उलटे आहे. धातू निळा आणि अतिनील प्रकाश शोषतात व ताऱ्याचा बाह्यभाग अधिक अपारदर्शक करतात, त्यामुळे धातू वाढले की तारा तांबूस दिसायला हवा. ही विसंगती सोडवणारे एकच सयुक्तिक उत्तर पुढे आले, आणि ते म्हणजे हेलियम. महास्फोटातून आलेल्या द्रव्यात वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के हेलियम असते. निळ्या रेषेवरील ताऱ्यांत ते ३८ ते ४० टक्के असावे लागते. हेलियम वाढले की द्रव्य अधिक पारदर्शक होते, सरासरी कणाचे वजन वाढते, आणि त्याच वस्तुमानाचा तारा अधिक तप्त, अधिक निळा व अधिक तेजस्वी होतो. तो म्हाताराही लवकर होतो. थंड ताऱ्यांच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा उमटतच नाहीत, म्हणून ज्या द्रव्याची थेट नोंद घेता येत नाही, त्याचे प्रमाण रंगांवरून काढले गेले. २००७ मध्ये एनजीसी २८०८ या गुच्छाचा मुख्य अनुक्रम तर तीन रेषांत फुटलेला सापडला. एम ३ आणि एम १३ यांचे कोडेही याच दिशेने बरेचसे सुटते, कारण हेलियम अधिक असलेले तारे क्षैतिज शाखेच्या निळ्या भागात जाऊन बसतात.

ओमेगा सेंटॉरी आणि एनजीसी २८०८ हे मात्र विशाल गुच्छ आहेत, आणि त्यांतला हेलियमचा फरकही असाधारण मोठा आहे. एम ४ सारख्या साध्या गुच्छात तो फार थोडा असतो, आणि बी व आय किंवा व्ही व आय अशा फिल्टरांच्या जोडीने काढलेल्या आलेखात सर्व राक्षसी तारे एकाच बारीक रेषेवर येतात. मग तिथे दोन गट आहेत, हे कसे कळावे? राजवाड्याजवळच्या दुकानात ट्यूबलाइटखाली माहेश्वरी साडीला तंतोतंत जुळलेले ब्लाउजपीस घेऊन आपण दाराबाहेर उन्हात येतो आणि दोन कापडांतला फरक चटकन डोळ्यांत भरतो; रंगद्रव्ये निराळी असतात, पण काही तरंगलांबींत ती सारखी वागतात आणि काहींत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत अशी 'दाराबाहेरची' जागा म्हणजे अतिनील आणि निळ्याच्या मधला पट्टा.

एम ४ वर हे २००८ साली फार स्वच्छ रीतीने करून दाखवले गेले. त्या अभ्यासात १०५ राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट घेऊन त्यांतले सोडियम मोजले, तेव्हा तारे सरळ दोन गटांत पडले: सोडियम कमी असलेले आणि सोडियम अधिक असलेले. मग त्याच ताऱ्यांच्या जागा यू-बी रंगांकाच्या आलेखावर पाहिल्या, तर राक्षसी शाखा तिथे रुंद झालेली होती. सोडियम कमी असलेले तारे तिच्या निळ्या काठावर आणि सोडियम अधिक असलेले तांबड्या काठावर होते. पुढच्या काही वर्षांत क्षैतिज शाखेवरही हीच विभागणी आढळली: शाखेच्या तांबड्या भागात सोडियम कमी, निळ्या भागात अधिक. तारे तेच, दुर्बीण तशीच, बदलला तो केवळ फिल्टर.

यामागचे कारण सोडियम नाही. त्याच्या रेषा इतक्या अरुंद असतात की संपूर्ण पट्ट्यातल्या प्रकाशावर त्यांचा परिणाम नगण्य होतो. खरे काम करतात ते थंड ताऱ्यांच्या वातावरणातले दोन-अणूंचे रेणू. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा रेणू २७५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, नायट्रोजन-हायड्रोजनचा रेणू ३३६ नॅनोमीटरजवळ, आणि कार्बनचे हायड्रोजन व नायट्रोजन यांच्याशी बनलेले रेणू ४३० नॅनोमीटरच्या अलीकडे-पलीकडे. पहिल्या, म्हणजे सोडियम कमी असलेल्या, गटातील ताऱ्यांत ऑक्सिजन व कार्बन अधिक आणि नायट्रोजन कमी. म्हणून ते २७५ आणि ४३८ नॅनोमीटरच्या फिल्टरांत किंचित मंद आणि मधल्या ३३६ च्या फिल्टरात किंचित तेजस्वी दिसतात. दुसऱ्या गटात याच्या बरोबर उलट घडते. आता पहिल्या व दुसऱ्या फिल्टरमधला रंगांक घेऊन त्यातून दुसऱ्या व तिसऱ्या फिल्टरमधला रंगांक वजा केला, तर तिन्ही परिणाम एकाच दिशेने जमा होतात. तापमानाचा सर्वसाधारण परिणाम बराचसा खोडला जातो आणि रसायनाचा फरक उठून दिसतो. खगोलशास्त्रज्ञ या तीन फिल्टरांना 'जादूचे त्रिकूट' म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोनमुळे जमिनीपर्यंत येत नाही, म्हणून हे त्रिकूट अवकाशातूनच वापरता येते. हबलवर मे २००९ मध्ये बसवलेल्या नव्या कॅमेऱ्यामुळे ते शक्य झाले आणि त्यातून ५७ गुच्छांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ ते २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्येक गुच्छाच्या राक्षसी ताऱ्यांचा एक खास आलेख काढला गेला, ज्याच्या एका अक्षावर तापमान-हेलियमकडे झुकणारा रंगांक आणि दुसऱ्यावर नायट्रोजनकडे झुकणारा रंगांक असतो. या आलेखाला 'गुणसूत्र नकाशा' असे नाव पडले आहे. त्यावर दोन गट वेगळे उभे राहतात, आणि ते जवळजवळ प्रत्येक गुच्छात उभे राहतात. पहिल्या गटाचा वाटा काही गुच्छांत जेमतेम ८ टक्के, तर काहींत ६७ टक्क्यांपर्यंत आहे. गुच्छ जितका भारी, तितका दुसऱ्या गटाचा वाटा मोठा. म्हणजे ज्यांना आपण अपवाद समजत होतो, त्या 'बदललेल्या' ताऱ्यांचेच बहुतेक मोठ्या गुच्छांत बहुमत आहे. धनू राशीतला एम २२ हा इंदूरहून चांगला दिसणारा गुच्छ याहून गुंतागुंतीच्या थोड्या गुच्छांत मोडतो, कारण त्यात दोन गटांच्या जोडीला जड मूलद्रव्यांच्या प्रमाणातही फरक आढळतो.

जमिनीवरच्या निरीक्षकांनी यातून अगदीच वगळले जाऊ नये, अशी सोय २०१३ साली झाली. यू-बी रंगांकातून बी-आय रंगांक वजा करून मिळणारा आकडा राक्षसी शाखेवरचे गट पुष्कळ चांगले वेगळे करतो, आणि त्यासाठी जमिनीवरची मध्यम आकाराची दुर्बीण, उंचावरची कोरडी जागा आणि अतिनीलला संवेदनशील सीसीडी पुरते. हौशी निरीक्षक वापरतात ते बहुतेक कॅमेरे यू पट्ट्यात फार कमी संवेदनशील असतात, हे लक्षात ठेवावे. बी आणि व्ही फिल्टर घेऊन आठ इंची दुर्बिणीतून एम ४ ची राक्षसी शाखा आणि सुमारे १३.४ प्रतीजवळची क्षैतिज शाखा काढणे मात्र नीट जमते, आणि स्वतः घेतलेल्या छायाचित्रातून तो आलेख उमटताना पाहणे हा फार आनंदाचा भाग आहे.

एक सावधगिरी इथे सांगितलीच पाहिजे, कारण नवे विद्यार्थी नेमके इथेच फसतात. रुंद झालेली प्रत्येक शाखा म्हणजे दोन गट नव्हेत. एम ४ वृश्चिक-भुजंगधारीच्या धूलिमेघांमागे आहे. धुळीमुळे तारे मंद आणि तांबूस दिसतात, आणि धूळ एकसारखी नसल्यामुळे गुच्छाच्या एका बाजूचे तारे दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक तांबूस होतात. शिवाय त्या दिशेची धूळ सर्वसाधारण धुळीसारखीही नाही. तिच्यामुळे होणारी मंदता आणि लालसरपणा यांचे गुणोत्तर नेहमीच्या ३.१ ऐवजी सुमारे ३.६ आहे. म्हणून आधी शेजारच्या ताऱ्यांच्या सरासरीवरून आकाशाच्या त्या-त्या तुकड्यातली धूळ ठरवून ती वजा करावी लागते. दुसरा धोका परक्या ताऱ्यांचा. गुच्छाच्या दिशेने दिसणारे, पण त्याच्या पुढे-मागे असलेले तारे आलेखात मिसळतात. इथे ताऱ्यांच्या जागा व गती मोजणाऱ्या गाइया उपग्रहाने फार मोठे उपकार केले आहेत. एम ४ आकाशात वर्षाला सुमारे २३ सहस्रांश कोनीय सेकंद सरकतो, म्हणजे इतर गोलाकार गुच्छांच्या मानाने पुष्कळ, त्यामुळे त्याचे सदस्य गतीच्या आलेखात परक्यांपासून वेगळा, घट्ट ठिपका करून बसतात.

ही सारी माहिती विनामूल्य खुली आहे. इंदूरमधल्या कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला साधा संगणक आणि थोडे पायथन येत असले, तर तो गाइयाच्या जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीतून एम ४ भोवतीचे तारे उतरवून घेऊ शकतो, गतीवरून सदस्य निवडू शकतो आणि एका संध्याकाळीत रंग-प्रत आलेख काढू शकतो. त्या आलेखात त्याला बहुतांशी एकच शाखा दिसेल, कारण गाइयाचे पट्टे रुंद आहेत. मग स्टेटसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली खुल्या केलेल्या ४८ गोलाकार गुच्छांच्या यू ते आय पट्ट्यांतील मोजमापांशी गाइयाचे सदस्य जुळवून, वर सांगितलेला यू-बी-आयचा आकडा काढला की राक्षसी शाखा रुंदावताना त्याला स्वतः पाहता येईल. सिमरोलला आयआयटीमध्ये आता खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे पुढे काही विचारायचे तर दार ठोठावायला दूर जावे लागत नाही.

अतिनील आकाशात आपल्या देशाचेही काम आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन जुळ्या अतिनील दुर्बिणी आहेत. हबलइतक्या बारीक प्रतिमा त्या देत नाहीत, परंतु त्यांचे दृश्यक्षेत्र सुमारे २८ कोनीय मिनिटांचे, म्हणजे जवळपास पूर्ण चंद्राएवढे असल्याने सबंध गुच्छ एकाच प्रतिमेत येतो. दूरच्या अतिनीलमध्ये लाखो थंड तारे जणू विझून जातात आणि उरतात ते फक्त तप्त तारे: क्षैतिज शाखेच्या निळ्या टोकाचे, 'नील भटके' म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे गुच्छाच्या वयाच्या मानाने अधिक निळे व तेजस्वी राहिलेले, आणि श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले तप्त गाभे. निळे टोक हेलियमशी जोडलेले असल्यामुळे ही निरीक्षणे दोन गटांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतात. अवरक्त टोकाकडून जेम्स वेब दुर्बीण हेच काम करते. अतिशय थंड, कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या वातावरणात ऑक्सिजन पाण्याच्या वाफेत अडकलेला असतो, आणि वाफेचे शोषण अवरक्त फिल्टरांत दिसते. मुख्य अनुक्रमाच्या तळाशीही तेच दोन गट तिथे सापडतात.

मग दुसऱ्या गटाचे द्रव्य आले कुठून? हायड्रोजन फार उच्च तापमानाला जळाला की कार्बन व ऑक्सिजन नायट्रोजनमध्ये बदलतात, निऑनपासून सोडियम होते आणि हेलियम वाढते. म्हणजे पहिल्या गटातल्या काही ताऱ्यांत ही भट्टी पेटली, तिची राख वायूत मिसळली आणि त्या मिश्रणातून दुसरा गट जन्मला, इथपर्यंत बहुतेकांचे एकमत आहे. भट्टी कोणती, यावर नाही. सूर्याच्या चार ते आठ पट वस्तुमानाचे म्हातारे तारे, वेगाने स्वतःभोवती फिरणारे महाकाय तारे, आणि गुच्छाच्या केंद्रात टकरींतून तयार झालेला, सूर्याच्या हजारो पट वस्तुमानाचा एखादा अतिविशाल तारा, असे तीन प्रमुख दावेदार आहेत. अतिनवताऱ्यांचे, म्हणजे स्फोट होऊन संपणाऱ्या ताऱ्यांचे, द्रव्य मिसळले असते तर लोहाचे प्रमाणही बदलले असते. ते बहुतेक गुच्छांत बदललेले नाही, म्हणून त्यांना यातून वगळतात. पहिल्या दावेदाराची मोठी अडचण हिशेबाची आहे. असे तारे आपल्या गटाच्या वस्तुमानाचा लहानसा भागच बाहेर टाकतात, आणि आज दुसऱ्या गटाचे बहुमत आहे. म्हणजे गुच्छ जन्मतः आजच्या कितीतरी पट, काही हिशेबांनी दहापटीहूनही भारी असायला हवा होता आणि त्याने पहिल्या गटातले बहुतेक तारे गमावलेले असायला हवेत. ते सर्व तारे आकाशगंगेत कुठे विखुरले, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणत्याही प्रतिकृतीने दिलेले नाही.

या वादात एक पुरावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि तो मॅजेलनच्या मेघांतून आला आहे. त्या दोन शेजारी दीर्घिकांत आपल्याकडच्या गुच्छांइतकेच भारी, पण वयाने कितीतरी तरुण असे गुच्छ आहेत. सुमारे २०० कोटी वर्षे वयाच्या एनजीसी १९७८ मध्ये नायट्रोजनचा फरक रंगांवरून आढळला आहे. त्याहून तरुण गुच्छांत राक्षसी शाखेवर तशी फूट दिसलेली नाही. आता ही सीमा वयाची आहे, की तरुण गुच्छांत आज राक्षसी झालेल्या ताऱ्यांचे वस्तुमान अधिक असल्यामुळे फरक झाकला जातो, हे ठरवायचे आहे. त्यासाठी त्या तरुण गुच्छांच्या मुख्य अनुक्रमावरचे, सूर्याहून हलके आणि म्हणून फार मंद असे तारे, याच अतिनील-निळ्या फिल्टरांतून एक टक्क्याच्या अचूकतेने मोजावे लागतील. तिथे दोन गट दिसले, तर फूट गुच्छाच्या जन्मापासूनची आहे असे मानावे लागेल; न दिसले, तर दोन्ही गट जन्माच्या वेळच्या वायूतूनच घडले, या तीनही दावेदारांनी गृहीत धरलेल्या गोष्टीचाच फेरविचार करावा लागेल.